गाडी स्टार्ट होत नाही? चावी परत परत फिरवू नका, आधी नीट ऐका

मागच्या चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या दिवशीची गोष्ट. सकाळी साडेसहाला शेजारच्या काकांची हाक आली, "अरे जरा येतोस काय, गाडी काय चालू होत नाय." त्यांचा मुलगा जहाजावर असतो, सात महिन्यांनी आदल्याच रात्री घरी आलेला आणि माटोळीचं (गणपतीच्या वर फळाफुलांनी सजवून टांगतात ती) सामान आणायला म्हापशाच्या बाजारात जायचं होतं. मी पोचलो तेव्हा तो चावी फिरवतच होता, टकटकटकटक, जरा थांबून परत टकटकटकटक, आणि दर वेळी तो आवाज आधीपेक्षा मरगळलेला. मी त्याला फक्त एवढंच म्हटलं की आधी चावी काढ आणि बोनेट उघड.

बॅटरीच्या प्लस टर्मिनलवरचं लाल झाकण उचललं तर खाली पांढरी-हिरवी बुरशी आल्यासारखी पावडर साचलेली, आणि क्लॅम्प दोन बोटांनी धरून फिरवला तर चक्क गोल फिरला. सगळं दुखणं तिथेच होतं. गरम पाणी, खायचा सोडा, जुना टूथब्रश आणि १० चा पाना, वीस मिनिटं गेली, मग माझ्या गाडीवरून जम्प दिला (म्हणजे माझी बॅटरी केबलने त्याच्या बॅटरीला जोडली) आणि पहिल्या सेल्फला (सेल्फ म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी स्टार्टर मोटर) गाडी उठली.

हे सांगायचं कारण म्हणजे नवीन गाडी घेतलेले, नुकतेच शिकलेले बरेच लोक गाडी स्टार्ट झाली नाही की घाबरतात आणि चावीच फिरवत राहतात, त्यात उरलीसुरली बॅटरी जाते, सेल्फ तापतो, आणि जो आवाज कुठे बघायचं ते सांगत होता तोच बंद होतो. गाडी तुम्हाला सांगत असते, फक्त ऐकायला लागतं. म्हणून खाली मी जसा स्वतः बघत जातो त्याच क्रमाने लिहितोय, अवजारं फार लागत नाहीत.

आधी गाडी सुरक्षित करा

रस्त्यात असाल तर हॅझर्ड लाईट, हँडब्रेक, गिअर न्यूट्रलला. चोर्ला किंवा अनमोड घाटात असाल तर चाकाखाली दगड लावा आणि माणसांना गाडीत बसवून ठेवू नका, रस्त्यापासून लांब सुरक्षित जागी उभं करा, दरीच्या कडेला नाही. रात्र असेल, एकटे असाल, जागा बरी वाटत नसेल तर ११२ ला फोन करायला संकोच करू नका. बोनेट उघडल्यावर ओढणी, सैल बाह्या, गळ्यातली साखळी सांभाळा कारण रेडिएटरचा फॅन कधीकधी आपोआप फिरायला लागतो, आणि बॅटरीजवळ सिगरेट किंवा लायटर अजिबात नको, चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि तो पेट घेतो.

बोनेट उघडायच्या आधीच्या गोष्टी

ह्या साध्या वाटतात पण निम्म्या वेळा इथेच काम होतं. ऑटोमॅटिक गाडी असेल तर लिव्हर पी (पार्क) वर आहे ना आणि ब्रेक पूर्ण दाबलाय ना बघा, पी वर उठत नसेल तर एन (न्यूट्रल) वर घेऊन बघा, कारण लिव्हरचा स्विच झिजला की गाडीला वाटतं आपण गिअरमध्ये आहोत आणि ती सेल्फच मारू देत नाही. मॅन्युअल गाडीत बऱ्याच मॉडेलना क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही, पायाखाली मॅट गोळा झालं असलं तरी क्लच खालपर्यंत जात नाही. चावीच फिरत नसेल तर स्टिअरिंग लॉक झालंय, स्टिअरिंग डावी-उजवी हलवत हलवत हलक्या हाताने चावी फिरवा, जोर लावलात तर चावी वाकेल.

मीटरमध्ये चावीच्या किंवा कुलपाच्या चित्राचा दिवा लुकलुकतोय का ते बघा. इग्निशन ऑन केल्यावर तो विझायला हवा. लुकलुकत राहिला तर गाडीने चावी ओळखलेली नाही, मग सेल्फ फिरला तरी इंजिन पकडणार नाही, दुसरी चावी आणून बघा. पुश बटणची गाडी असेल आणि चावीचा सेल उतरला असेल तर बहुतेक मॉडेलमध्ये चावीच स्टार्ट बटणाला टेकवून धरली आणि दाबलं की चालतं (प्रत्येक गाडीत जागा वेगळी असू शकते, मॅन्युअल बघा), सेल बहुधा सीआर २०३२ असतो, घड्याळाच्या दुकानात मिळतो.

आणि पेट्रोल. काट्यावर विश्वास ठेवू नका, टाकीतला तरंगता फ्लोट अडकला की पाव टाकी दाखवत राहतो. आपल्याकडे उतारावर गाडी लावायची सवय, टाकीत कमी पेट्रोल असलं की ते एका बाजूला जातं आणि पंपाला मिळत नाही. सीएनजी किट असलेल्या बऱ्याच गाड्या आधी पेट्रोलवर उठतात आणि मग गॅसवर जातात, गॅस भरलेला आहे म्हणून पेट्रोलची टाकी कोरडी ठेवणाऱ्यांची गाडी सकाळी उठत नाही ती ह्यामुळे.

आता एकदाच चावी फिरवा आणि ऐका

रेडिओ, एसी, ब्लोअर सगळं बंद. काचा खाली. चावी एकदा फिरवा, जास्तीत जास्त पाच-सात सेकंद, आणि सोडा. परत मारायचा असेल तर अर्धा मिनिट तरी मध्ये जाऊ द्या. ह्या एका वेळेत खालच्यापैकी काहीतरी होईल: काहीच आवाज नाही, एक मोठा टक, भराभर टकटकटक, घुर्रर्र... घुर्रर्र... असा रडत फिरणारा सेल्फ, किंवा सेल्फ अगदी नेहमीसारखा फिरतोय पण इंजिन पकडत नाही. पहिले चार म्हणजे विजेची बाजू, बॅटरी ते सेल्फ. पाचवा म्हणजे पेट्रोल, ठिणगी किंवा हवा. हा फरक समजला की अर्धं निदान झालं, कारण सेल्फ जोरात फिरत असताना बॅटरी बदलणारे आणि टकटक वाजत असताना पेट्रोल पंप उघडणारे दोघंही पैसे फुकट घालवतात.

सेल्फ फिरत नाही किंवा रडतो

हेडलाईट लावा आणि कोणालातरी समोर उभं करून चावी फिरवा. लाईट एकदम मंद झाली किंवा विझली तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल सैल. लाईट झगझगीत तशीच राहिली आणि आवाजच नाही तर सेल्फपर्यंत हुकूम पोचत नाही, म्हणजे फ्यूज, रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच), इग्निशन स्विच किंवा वर सांगितलेला क्लच/लिव्हरचा स्विच. लाईट तशीच आणि एक मोठा टक आला तर बहुतेक सेल्फचं आतलं काम, सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा स्विच) किंवा कार्बन (मोटरमध्ये करंट पोचवणारे झिजणारे तुकडे).

मल्टीमीटर घ्याच एक, स्वस्तातला चालतो. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरीला १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं तर भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. पण नुसत्या ह्या आकड्यावर जाऊ नका, म्हातारी बॅटरी उभ्या उभ्या १२.५ दाखवते आणि सेल्फ मारला की मान टाकते. म्हणून सेल्फ मारताना कोणालातरी मीटर बघायला सांगा, साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरी थकलीय. आणि इंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ दिसलं पाहिजे, १२ वरच राहिला तर अल्टरनेटर (चालत्या इंजिनवर बॅटरी भरणारा जनरेटर) चार्ज करत नाही किंवा त्याचा बेल्ट गेलाय, मग नवीन बॅटरी घालूनही ती दोन दिवसांत उतरणार. उन्हाळ्यात बोनेटखालचा उकाडा बॅटरीचं आयुष्य खातो, आपल्या हवेत तीन-चार वर्षं झाली की तिच्यावर लक्ष ठेवायचं.

टर्मिनल साफ करताना आधी काळी मायनस वायर काढायची, लावताना ती शेवटी, कारण प्लस सोडवताना पाना चुकून बॉडीला लागला आणि मायनस जोडलेली असली की मोठी ठिणगी उडते. कोमट पाण्यात सोडा घालून ओता, फेस येईल, ब्रशने घासा, साध्या पाण्याने धुवा, पुसून कोरडं करा, पाणी बॅटरीच्या बुचांतून आत जाऊ देऊ नका. क्लॅम्प घट्ट करा, वर व्हॅसलीन लावा. शिवोली, मोरजी, हरमल अशा किनाऱ्याकडच्या लोकांनी तर हे दर तीन-चार महिन्यांनी करावं असं माझं ठाम मत आहे, खारं वारं लोखंड-तांबं काहीच सोडत नाही.

जम्पचा क्रम लक्षात ठेवा, दोन्ही गाड्या १२ व्होल्टच्या हव्यात आणि एकमेकांना टेकलेल्या नकोत. लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. चांगली गाडी चालू करून पाच मिनिटं तशीच ठेवा, मग सेल्फ मारा. उठली की उलट्या क्रमाने काढा आणि मग गाडी बंद करू नका, निदान अर्धा-पाऊण तास चालवा. काका दर पंधरा दिवसांनी गाडी दोन मिनिटं चालू करून बंद करायचे, बॅटरी चांगली राहावी म्हणून, पण सेल्फने जे खाल्लं ते दोन मिनिटांच्या आयडलिंगमध्ये परत भरत नाही, उलट दर वेळी बॅटरी थोडी थोडी खालीच जाते.

आता अर्थिंगबद्दल जरा जास्त लिहितो कारण हे कोणी बघतच नाही. बॅटरीची मायनस वायर बॉडीला जाते आणि तिथून इंजिन किंवा गिअरबॉक्सला एक जाड वायर किंवा विणलेली पट्टी असते. सेल्फचा सगळा करंट ह्याच वाटेने परत येतो. ती पट्टी गंजली की बॅटरी नवीकोरी असूनही टक वाजतो किंवा सेल्फ रडतो. माझ्या मावसभावाच्या गाडीला, राहायला मोरजीला अगदी समुद्राजवळ, एका गॅरेजवाल्याने सेल्फ बदलला, मग बॅटरी बदलली, आठवड्याभरात परत तेच. आम्ही जम्पर केबलची काळी वायर घेतली, एक टोक त्याच्याच बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या लोखंडी ब्रॅकेटला घट्ट पकडवलं आणि सेल्फ मारला, गाडी झटक्यात उठली. खाली बघितलं तर पट्टीच्या तारा हिरव्या होऊन हाताने तुटत होत्या. पट्टीची किंमत आणि सेल्फची किंमत ह्यात केवढा फरक, मला तेव्हा खरंच वाईट वाटलं. म्हणून सेल्फ बदलायला कोणी सांगितलं तर आधी ही एका मिनिटाची परीक्षा करा.

रिलेवर संशय असेल तर फ्यूज बॉक्सच्या झाकणावर नकाशा असतो, त्याच नंबरचा आणि तेवढ्याच पिनांचा दुसरा रिले, बऱ्याचदा हॉर्नचा, काढून तिथे लावून बघा. सेल्फचे कार्बन झिजले असतील तर सेल्फच्या बॉडीवर लाकडी दांड्याने हलकेच ठोकलं की एखादवेळ फिरतो, पण तो घरी पोचण्यापुरता उपाय.

धक्का मारून? मॅन्युअल गाडी असेल, बॅटरीत थोडा जीव असेल आणि रस्ता मोकळा सपाट असेल तर इग्निशन ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबलेला, वेग आला की क्लच सोडायचा. ऑटोमॅटिकला हे चालत नाही. आणि सेल्फ नीट फिरत असताना धक्का मारण्यात काही अर्थ नाही, दुखणं वेगळं आहे.

सेल्फ मस्त फिरतोय पण इंजिन पकडत नाही

इग्निशन ऑन करा, सेल्फ मारू नका, आणि मागच्या सीटजवळ कान लावा. पेट्रोल इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांत टाकीतला पंप दोन-तीन सेकंद झुंऽऽ असा वाजून थांबतो. आपल्या गाडीचा हा आवाज गाडी चांगली असतानाच एकदा ऐकून ठेवा. आलाच नाही तर पंपाचा फ्यूज, रिले, मग पंप.

सेल्फ मारताना आरपीएमचा काटा बघा. सेल्फ फिरतोय आणि काटा जरासुद्धा हलत नाही तर क्रँक सेन्सरवर संशय घ्या, इंजिन फिरतंय हेच कॉम्प्युटरला कळत नाही म्हणून तो ठिणगीही देत नाही आणि पेट्रोलही. गाडी घाट चढून तापली की बंद पडते आणि अर्ध्या तासाने थंड झाली की काही झालंच नाही अशी उठते, हे पण ह्याच सेन्सरचं नेहमीचं लक्षण. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) असेल तर पी ०३३५ कोड येतो. काही गाड्यांत काटा सेल्फच्या वेळी हलतच नाही, म्हणून फक्त ह्यावर पार्ट घेऊ नका.

पावसात उंदीर. मिरगाचा पाऊस लागला की उंदरांना कोरडी ऊबदार जागा हवी असते आणि बोनेटखालच्यासारखी जागा दुसरी नाही. मी एकदा साखळीच्या एका मित्राच्या गाडीचा एअर फिल्टर बॉक्स उघडला तर आत नारळाची सोडणं, सुकी पानं, फिल्टरच्या कागदाचे तुकडे, व्यवस्थित घरटं, आणि बाजूला इंजेक्टरची वायर सोलून तांबं चकाकत होतं. बोनेट उघडल्यावर वास घ्या, लेंड्या शोधा, वायरिंगवर टॉर्च मारून कुरतडलेलं दिसतंय का बघा. सापडलं तर सेल्फ मारत बसू नका, उघड्या तारा एकमेकींना लागून कॉम्प्युटर जळू शकतो, इलेक्ट्रिशियनलाच बोलवा.

गाडी दारातून जरा पुढे घेतली आणि लगेच बंद केली, नंतर उठत नाही आणि पेट्रोलचा वास येतोय, तर ठिणगी देणारे स्पार्क प्लग भिजलेत. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा आणि पाच-सात सेकंद सेल्फ मारा, इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत ह्याने पेट्रोल थांबतं आणि नुसती हवा जाऊन प्लग सुकतात. पकडलं की पाय लगेच सोडा. जुनी डिस्ट्रीब्युटरवाली (प्लगना ठिणगी वाटून देणारी कॅप असलेली) गाडी पावसाळ्यात उठत नसेल तर इग्निशन बंद करून कॅप आणि प्लगच्या वायरी कोरड्या कापडाने पुसून बघा. ठिणगी आहे का बघायला वायर हातात धरणं, कॉईल बाहेर काढून सेल्फ मारणं हे नवीन माणसाने करू नये, हजारो व्होल्ट असतात.

डिझेलला प्लगची ठिणगी नसते, दाबाने तापलेल्या हवेत डिझेल पेटतं. मीटरमधला स्प्रिंगसारखा पिवळा दिवा (आतली हवा तापवणाऱ्या हिटर प्लगचा) विझेपर्यंत थांबा. टाकी कोरडी पडून परत भरली असेल तर लाईनमध्ये एअर धरते, फिल्टरजवळ हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबत राहा. चुकून पेट्रोल भरलं असेल तर इग्निशनसुद्धा ऑन करू नका, टाकी रिकामी करूनच पुढचं.

एक आवाज मात्र वेगळा ओळखून ठेवा. चालताना गाडी अचानक बंद पडली आणि आता सेल्फ नेहमीपेक्षा हलका, सपाट, वेगात फिरतोय, त्यात तो नेहमीचा चढउतार नाही, तर टायमिंग बेल्ट (इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडवणारा पट्टा) तुटलेला असू शकतो. तिथेच थांबा, टोचन करून न्या.

पाण्यातून आला असाल तर

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि मला प्रत्येकाला हात जोडून सांगावंसं वाटतं. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर, आणि जुलैत एका रात्रीत सखल रस्त्यावर गुडघाभर पाणी येतं. अशा पाण्यात गाडी बंद पडली तर सेल्फ मारायचा नाही. एकदाही नाही. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि मग इंजिनच खोलायला लागतं. इग्निशन बंद करा, गाडी ढकलून कोरड्यात आणा, एअर फिल्टरचा बॉक्स उघडा. फिल्टर ओला असेल तर पुढचं काम मेकॅनिकचं, तो प्लग काढून (डिझेल असेल तर हिटर प्लग किंवा इंजेक्टर) आधी पाणी बाहेर काढतो. ऑईलची कांडी ओढून बघा, दुधाळ चहासारखा रंग असेल तर ऑईलमध्ये पाणी गेलंय. इन्शुरन्समध्ये इंजिन प्रोटेक्शन वेगळं घेतलेलं आहे का ते पावसाआधीच बघा, साध्या पॉलिसीत हे नुकसान बहुतेक वेळा धरत नाहीत.

मेकॅनिकला फोन करताना

"गाडी बंद पडली" एवढंच सांगू नका. असं सांगा: "सेल्फ जोरात फिरतोय, काटा हलतोय, पंपाचा आवाज येत नाही, पेट्रोल अर्धी टाकी, बॅटरी १२.५, रात्री पाऊस होता पण गाडी पाण्यातून नेली नाही." एवढ्यावर तो ठरवतो की बरोबर बॅटरी घ्यायची, रिले घ्यायचा की टोचनची गाडीच पाठवायची. आणि पार्ट बदलला तर जुना पार्ट मागून घ्या, बघा, विचारा काय झालं होतं.

काकांचा मुलगा यंदा परत जहाजावर जाताना बॅटरी पूर्ण चार्ज करून, दरवाजे चावीने कसे लागतात ते आधी बघून (बॅटरी सोडवली की सेंट्रल लॉक चालत नाही), मग काळी वायर काढून टोकाला सुकं कापड गुंडाळून गेला. १० चा पाना काकांच्या देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवलाय, मला दाखवून गेला.